दहा हजार सात विटा

"एकही वीट उरता कामा नये, फुटता कामा नये, आणि एकीवर एक चढवायची नाही!" राजा विजयसेन गरजला. "चारी कोपरे पुरे असलेला चौकोन मांडा. पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर कुंभारांची भट्टी मोडून टाकीन!"

राजानं अंगणासाठी हातभर लांबीच्या दहा हजार विटा मागवल्या होत्या. शंभर ओळी, ओळीत शंभर. पण भट्टी लावताना साती आसरांच्या नावानं सात विटा जास्त भाजायच्या, ही कुंभारांची रीत. भिवा कुंभारानं त्याही आणून टाकल्या. त्या जलदेवींच्या विटा परत नेता येईनात, फेकता येईनात. राजा हट्टाला पेटला. "आल्या ना? मग बसवा!"

प्रधानजींनी गवंडी जुंपले. सात-सातच्या ओळी केल्या, चार विटा उरल्या. अकराच्या केल्या, आठ उरल्या. तेराच्या केल्या, तर दहा!

"विटांना पिल्लं होतायत की काय?" प्रधानजी करवादले.

आता भट्टी जाणारच म्हणून भिवा घरी येऊन चाक उतरवू लागला. पोरीनं, सगुणानं, त्याचा हात धरला.

"आबा, चाक राहू द्या. मी दोनापासून शंभरापर्यंत सगळे आकडे लावून पाहिले. दर वेळी काहीतरी उरतंच."

"अगं, मग शंभराच्या पुढं बघ की!"

"कशाला? दोन्ही बाजू शंभराच्या वर गेल्या, तर विटा दहा हजार दोनशे एक तरी लागतील. म्हणजे एक बाजू शंभराच्या आतच हवी. ते तर मी पाहिलंय!"

"मग संपलंच की गं सगळं!"

"नाही आबा. एक आकडा मी अजून लावलेलाच नाही." सगुणा हसली. "उद्या सगळ्या विटा गाड्यांत भरून माळावर घ्या!"

पौर्णिमेच्या सकाळी राजा बाहेर आला. अंगण रिकामं! तो तडक वेशीवर गेला. तिथून मात्र विटांची एकच रांग, ताणलेल्या दोरीसारखी सरळ, माळ ओलांडून थेट दीड कोसावरच्या कुंभारवाड्यापर्यंत गेलेली.

"हा चौकोन?" राजा ओरडला.

"मोजून घ्या, महाराज," सगुणा पुढं होऊन म्हणाली. "लांबी दहा हजार सात विटा, रुंदी एक वीट. चारी कोपरे पुरे, उरलेलं काही नाही!"

"ही तर पायवाट आहे!"

"सरकार, हा आकडाच हट्टी. दुसऱ्या कुणाच्या ओळीत बसायला तयार नाही. त्याला एकट्यानंच उभं राहायचंय. तुमच्या राज्यात राहून असले गुण लागायचेच!"

प्रधानजी दोन पावलं मागं सरले. राजानं डोळे वटारले. मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो असा खदखदून हसला, की हातातली काठी गळून पडली.

"मोडू नका रे ही वाट! डोक्यावर मडकी घेऊन बायका चिखलातून येतात, त्या आता विटेवरून येतील. भट्टी कुंभारांचीच. आणि पोरी, यापुढं माझ्या प्रत्येक बांधकामाचा आकडा आधी तू पाहायचास. मानाचा शेला आणि दोन बैल आजच घेऊन जा!"

एवढं बोलून राजा स्वतःच वाटेवर चढला आणि दोन्ही हात पसरून, पावलापुढं पाऊल टाकत डोलत निघाला.

"प्रधानजी, बाजूला कुठं चालता? मागं या! इथं जागा एकाचीच आहे!"