म्हातारी डिस्क आणि लाडका स्पेसबार

संगणक टेबलाखाली बसून गुरगुरत असत, त्या काळची गोष्ट. रेडकर हेडसरांच्या संगणकातली हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. रोज सकाळी ती पडद्यावर विनवायची, "सर, माझ्यात बिघाड आहे. तासभर तपासणी करून दुरुस्त होऊ द्या. नको असेल तर कुठलंही बटण दाबा."

हेडसर लगेच स्पेसबार दाबायचे.

"सरांचा वेळ मी वाचवतो, म्हातारे," स्पेसबार ऐटीत म्हणायचा. "म्हणून तर मी लाडका!"

वार्षिक निकालाच्या आदल्या दिवशी साऱ्या शाळेचे गुण पोटात घेऊन डिस्क कायमची बंद पडली.

हेडसर कडाडले, "दुखत होतं तर आधी सांगायला काय झालं होतं?"

रोज दाबून दाबून आरशासारखा गुळगुळीत झालेला स्पेसबार लगबगीनं म्हणाला, "हो ना सर! एका शब्दानं बोलली नाही!"