राजहिरवळीतला लव्हाळा

एका राज्यात शूरदत्त नावाचा राजा होता. त्याची राणी पद्मगंधा, आणि धाकटी बहीण इंदुलेखा. महालामागे राजघराण्याची हिरवळ होती. मऊ हरळीची, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. घराण्याची रीत अशी, की नवं मूल या हिरवळीवर निजवायचं आणि आत्यानं त्याच्या कानात नाव सांगायचं. दुसरा वसंत उजाडेपर्यंत ज्याला नाव मिळालं नाही, ते मूल त्या राज्यात विरून जाई. पाण्यात मीठ विरावं तसं.

राणीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी हिरवळीत लव्हाळा उगवला. बघता बघता माजला. तणाची एक पात जरी असली तरी बारसं होत नसे, म्हणून बारसं लांबलं. बाळ रांगू लागलं, पण त्याला हाक काय मारायची? "बाळा" म्हटलं तर ते वळूनही बघत नसे. त्याची सावली दिवसेंदिवस पातळ होत चालली होती.

राजहिरवळीला नोकरांनी हात लावायचा नाही, हीही रीतच. राजाचे गुडघे दुखत. राणी बाळाला क्षणभर खाली ठेवायला धजत नसे. मग उरल्या कोण? आत्याबाई. रोज सकाळी इंदुलेखा खुरपं घेऊन बसे. पात ओढावी तर तुटून हातात येई, काळी गाठ मातीतच राही. गाठ सापडलीच तर तिच्या मुळाला दुसरी, दुसरीला तिसरी. उपटलेलं तण ती हिरवळीच्याच कोपऱ्यात पुरे, कारण राजहिरवळीतलं काडीभरही कुंपणाबाहेर न्यायचं नाही, ही आणखी एक रीत. या घराण्यात रीतींना काही तोटा नव्हता.

बाळाचं नाव तिनं केव्हाच ठरवलं होतं. बारशाआधी ते उच्चारायचं नाही, म्हणून ती ते मनात घोळवी आणि खुरपत राही. कंबर धरली होती. नखांतली माती काही केल्या निघत नव्हती.

एके सकाळी एक टिटवी समोर येऊन उभी राहिली.

"राजकन्ये, दमलीस?"

"दमले."

"हे तण शापाचं आहे. ज्यानं लावलं त्याला विचार. भस्मांग जादूगार, नदीपलीकडच्या गुहेत राहतो."

इंदुलेखा उठली आणि चालू लागली. कुणाला सांगून जाण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

भस्मांग गुहेच्या तोंडाशी स्वतःचेच पाय चेपत बसला होता. म्हातारा झाला होता.

"माझी आई आजारी होती," तो म्हणाला. "रसासाठी मूठभर हरळी मागायला मी तुझ्या वडिलांकडे आलो. काडीभरही बाहेर जायचं नाही, म्हणाले. मीही म्हटलं, या घरात पुढचं मूल येईल तेव्हा हिरवळीत तण माजेल, आणि त्यातलं काडीभरही बाहेर जाणार नाही."

"आणि आई?"

"गेली."

इंदुलेखा त्याच्या शेजारी बसली.

"शाप राखून मीही थकलो," जादूगार म्हणाला. "पण तीन कामं केल्याशिवाय तो सुटत नाही. रीती आमच्यातही आहेत. पहिलं काम, काळदरीतल्या नागाचं खुरपं आण."

ती काळदरीत गेली. नागानं फणा काढला, तिच्याकडे पाहिलं आणि फणा मिटला. "ने बाई," तो म्हणाला, "त्यावर वेटोळं घालून माझं अंग आंबलंय."

दुसरं काम, यक्षिणीच्या विहिरीचं पाणी. यक्षिणीनं कोडं घातलं. इंदुलेखा म्हणाली, "मला येत नाही, आणि विचार करायची ताकदही नाही." इतकं खरं उत्तर यक्षिणीला कुणी दिलं नव्हतं. तिनं घागर भरून दिली.

"तिसरं काम," भस्मांग म्हणाला, "हिरवळीतल्या लव्हाळ्याचा एक गड्डा गाठींसकट इथे आणून दे."

ती घरी आली. विहिरीचं पाणी शिंपलं तशी माती लोण्यासारखी झाली. नागाचं खुरपं घातलं तशी गाठींची अख्खी माळ हातात आली. ती घेऊन इंदुलेखा कुंपणाच्या दाराकडे निघाली, तर दारात राजा.

"इंदुलेखे, हे बाहेर जायचं नाही."

"दादा, रीत राखू की बाळ?"

"आपले आजे-पणजे काय म्हणतील?"

"त्यांना यायचं असेल तर येऊ दे खुरपायला!"

मागून राणीचा आवाज आला. "महाराज, इकडे बघा."

बाळाचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि हातातून आरपार पदराचे काठ दिसत होते. राजानं ते पाहिलं. मग दुखऱ्या गुडघ्यांनी तो पुढे झाला आणि त्यानं स्वतःच अडसर काढला.

भस्मांगानं गड्डा घेतला, धुनीत टाकला. "शाप सुटला," तो म्हणाला. "आता ते नुसतं तण आहे."

"म्हणजे नाहीसं झालं?"

"छे. तण कुठे आपोआप जातं? उपटायचं, गाठींसकट, आणि कुंपणाबाहेर टाकायचं. इतके दिवस तुम्ही तेच परत पुरत होता."

हे ऐकल्यावर इंदुलेखा मटकन खाली बसली आणि रडली. मनसोक्त रडून झाल्यावर पदराला नाक पुसून घरी आली.

मग राजा बसला, राणी बसली. बाळाला मधे ठेवून सगळ्यांनी खुरपलं. दार उघडंच राहिलं, आणि राजानं दवंडी पिटवली, की ज्याला हवी त्यानं मूठभर हरळी न्यावी. कोपऱ्यातला खड्डा उकरायला नोकरही आले, त्यांना कुणी अडवलं नाही. वसंत उजाडायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची गाठ निघाली.

बाळाला हिरवळीवर निजवलं. तेव्हा तर त्याच्याखालची हरळीही त्याच्यातून दिसत होती. इंदुलेखा ओणवी झाली. कंबरेतून कळ गेली, तरी तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मकरंद," ती म्हणाली.

बाळानं मान वळवली आणि आत्याकडे पाहिलं. गुलाबी, भरीव, साधं मूल. त्यानं तिचं नाक पकडलं, आणि ते दुखलं.

ढोल वाजले, पेढे वाटले गेले, भाटांनी राजाची स्तुती केली. आत्याबाई मात्र तिथेच हिरवळीवर आडव्या झाल्या. राणीनं हाक मारली, राजानं मारली, त्या काही उठल्या नाहीत. निजू द्या त्यांना. आपणही आता आवाज न करता निघू.