माहुताच्या मुलाची टिपणं

फार पूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका राजधानीत, राजाच्या पदरी एक म्हातारा माहूत होता. त्याच्याकडे सगुणा नावाची हत्तीण होती. राजाच्या वडिलांच्या काळी ती रानातून आली, तेव्हा ती जेमतेम म्हशीएवढी होती आणि माहुताला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. दोघं बरोबरच वाढले आणि बरोबरच म्हातारे झाले.

माहुताला एकच मुलगा, रायाजी. तो वडिलांना आबा म्हणायचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. पुढे सगुणा त्याच्याच हाती यायची होती आणि रायाजीला याचीच धास्ती होती, कारण तो फार विसराळू होता. बाजारातून चार जिन्नस आणायला गेला, तर तीनच घेऊन यायचा. एकदा सगुणेचा पाय सुजला, तेव्हा आबांनी सांगितलेला लेप तो भलताच करून बसला आणि बिचारीची सूज आणखी वाढली. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं, की यापुढे आबांचा शब्द न् शब्द लिहून ठेवायचा.

त्याने चांगले बोरू तासून घेतले. काळी शाई घोटली, लाल शाई घोटली. कागद एका मापाचे कापले. खाण्याचं वेगळं, औषधांचं वेगळं, सगुणेच्या स्वभावाचं वेगळं, अशी बाडं केली आणि प्रत्येक बाडाला निराळ्या रंगाचा दोरा बांधला. धोक्याच्या गोष्टी तेवढ्या लाल शाईत. याचा उपयोगही झाला. लेप पुन्हा चुकला नाही, काढा चुकला नाही. वाड्यातले कारकून त्याचं अक्षर बघायला येऊ लागले.

हळूहळू रायाजीला लिहिण्याचीच गोडी लागली. आबा सगुणेच्या कानामागे बोट ठेवून काही दाखवायला लागले, की याची मान कागदावर असायची. आबा बोलायचे थांबले, की तो "पुढे?" म्हणायचा.

रोज सकाळी आबा सगुणेला नदीवर नेत. उथळ पाण्यात ती कुशीवर पडायची. आबा काथ्याने तिची पाठ घासायचे आणि घासता घासता काहीतरी गुणगुणायचे. तेवढा वेळ ती डोळे मिटून घ्यायची. रायाजी काठावरच्या दगडावर बसून सगळं टिपून घ्यायचा: पाणी किती खोल असावं, आधी कोणती कूस घासावी, सोंडेला हात कधी लावू नये.

थंडी पडली आणि आबांना खोकला लागला. एका सकाळी त्यांचा हात मध्येच थांबला. ते वळून म्हणाले, "रायाजी, ते ठेव खाली आणि पाण्यात ये. माझ्याबरोबर घास तिला."

रायाजीने वर न बघताच सांगितलं, "एवढं पान पुरं करू द्या, आबा. तुम्ही आहात तोवर सगळं उतरवून घेतो. घासायचं तर जन्मभर आहेच."

आबांनी काथ्या पुन्हा पाण्यात बुडवला. त्यांनी सगुणेची दुसरी कूस घासायला घेतली.

पुढे खोकल्याचा ताप झाला आणि त्या तापातच आबा गेले.

सगुणेने खाणं सोडलं. रायाजीने बाडं उघडली आणि त्यात लिहिलं होतं तसं सगळं केलं. तुपातले रोट केले, ऊस सोलून दिला, वडाचा कोवळा पाला आणला. ती हुंगायची आणि सोंड बाजूला घ्यायची. राजवैद्य येऊन बघून गेले. आजार काहीच नाही, म्हणाले.

मग रायाजीने आंघोळीचं पान काढलं. पाण्याची खोली लिहिली होती, कूस लिहिली होती, काथ्या कसा भिजवावा तेही लिहिलं होतं. शेवटी त्याच्याच सुरेख अक्षरात एक ओळ होती: 'घासताना गुणगुणावे.'

काय गुणगुणावे, ते लिहिलेलं नव्हतं. तो आठवायला बसला. त्या सगळ्या सकाळी तो तिथेच, हाकेच्या अंतरावर होता. पण त्याला आठवत होती ती फक्त कागदावर चालणाऱ्या बोरूची कुरकुर.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांकडे तो गेला. त्यांतल्या एका म्हातारीने आठवून आठवून थोडीशी चाल म्हणून दाखवली. "एवढंच येतं बाबा आम्हाला," ती म्हणाली. "वाऱ्याबरोबर यायचं तेवढं कानावर पडायचं."

दुसऱ्या सकाळी रायाजी पहिल्यांदाच सगुणेबरोबर पाण्यात उतरला. काथ्या फिरवत त्याने ती चाल धरली. सगुणेचे हलणारे कान थांबले. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. चाल संपली. ती वाट बघत राहिली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच येऊन अडला. तेव्हा सगुणेने तोंड पलीकडच्या काठाकडे फिरवलं.

रायाजीने तिच्या अंगावर कपाळ टेकलं. "मला पुढचं येत नाही गं," तो म्हणाला.

थंडी सरायच्या आत सगुणा गेली.

रायाजीच्या बाडांची कीर्ती राजाच्या कानी पोचली. त्याने त्यांच्या नकला करवून दूरदूरच्या हत्तीखान्यांत पाठवल्या. किती तरी हत्तींचे पाय त्या लेपाने बरे झाले. नकला करणाऱ्या एका कारकुनाने त्या ओळीपाशी थांबून विचारलं, की इथे पुढे काही राहून गेलंय का. रायाजी म्हणाला, "राहिलंय. मी तिथेच बसलो होतो, पण ऐकलं नाही."

काही वर्षांनी रानातून हत्तीचं एक पिल्लू आलं. रायाजी दिवसभर त्याच्याबरोबर असायचा, हाताने चाचपायचा, बघायचा. लिहायचं ते घरी येऊन, आठवेल तेवढंच लिहायचा. जे आठवायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी नीट बघून घ्यायचा. आता त्याला चार ओळीही पुरत. आबांच्या वेळचं ते पान मात्र तसंच अर्धं राहिलं. ते पुरं करून देणारं आता कोणीच नव्हतं.

तात्पर्य: लिहिलेलं मागाहून कधीही वाचता येतं, पण सांगणारा माणूस तेव्हा समोर असेलच असं नाही. तो समोर आहे तोवर आधी त्याच्याकडे बघावं, त्याचं ऐकावं, आणि मग टिपून ठेवावं.