सूर्याचं टोपडं

एकदा काय झालं, भर आषाढात सूर्यालाच सर्दी झाली. हसू नका, ऐका आधी.

एका नदीकाठी धाकू नावाडी आणि त्याची बायको भागी राहायची. नदी ओलांडायला धाकूच्या नावेवाचून दुसरं काही नव्हतं. म्हणून तो पावसातही नाव हाकायचा आणि घरी येऊन खोकत बसायचा. वैद्यबुवा म्हणाले, "भागीबाई, हा आणखी भिजला तर माझ्या हातात काही नाही." 

भागीनं घरी बसा म्हटलं, तर धाकू म्हणाला, "अगं, पलीकडे माणसं खोळंबतात."

मग भागीनं मांजरपाट आणला आणि चांगला घोट्यापर्यंत अंगरखा शिवला. जवसाचं तेल कढवलं, त्यात मेण विरघळवलं, आणि कापडाला पहिला हात दिला. असे तीन हात द्यायचे, बरं का, आणि प्रत्येक वेळी उन्हात वाळवायचं. तेव्हा कुठे पाणी आत शिरत नाही. पण आषाढात ऊन आणायचं कुठून?

मग ती अंगणात जाऊन म्हणाली, "सूर्यनारायणा, घटकाभर ये रे बाबा." सूर्य आला. तेल वाळलं. पण त्याच्या डोक्यावर थेंब पडले, चर्र, चर्र. तो पळालाच.

दुसऱ्या हाताला पुन्हा आला, आणि सटासट शिंकत परत गेला.

तिसऱ्या वेळी ढगाआडूनच म्हणाला, "आता नाही हो बाई. विझेन मी."

भागीनं अंगरख्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. खांद्यातून झिरपलं. तिला रडूच आलं. पण रडता रडता सूर्याचीही दया आली. बिचारा उघड्या डोक्यानं फिरतो, त्याला कोण शिवून देणार? मग तिनं कात्री घेतली, अंगरख्याचा खालचा घेर कापला आणि त्याचं टोपडं शिवलं. दोन्हींना तिसरा हात दिला आणि टोपडं बांबूच्या टोकाला अडकवून वर धरलं. सूर्यानं घातलं, ते डोक्यावरच वाळलं. मग काय, धो धो पाऊस आणि सूर्य आपला खुशाल बाहेर. ओसरीवर टांगलेला अंगरखाही खडखडीत वाळला.

पण तो आता गुडघ्यापर्यंतच येत होता. भागी ओशाळली. धाकू म्हणाला, "असू दे गं. नावाड्याचे पाय कधी कोरडे असतात?"

त्याची पाठ कोरडी राहिली आणि खोकला गेला. तेलाच्या वासानं लोक नाक मुरडायचे, पण नावेत बसायचे.

आणि सूर्यानं टोपडं काही परत दिलं नाही. श्रावणात पावसातच ऊन पडलं, की भागी वर बघून विचारायची, "बसतंय ना रे नीट?"

अशी ती दोघं सुखानं राहिली. चला, आता तुम्हीही घ्या पांघरूण डोक्यावरून, आणि झोपा.