शेजाऱ्याच्या तोंडाचा घडा

फार फार मागची गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. इंका राजांच्या डोंगरी मुलखात एक गाव होतं.

त्या गावाची एक रीत होती. माणूस गेला की कुंभार त्याच्या तोंडाचा घडा घडवी, म्हणजे घड्यावर हुबेहूब त्याचा चेहरा उठवी. पेरणीच्या दिवशी घरची माणसं त्या घड्यातून मक्याची आंबील पहिल्या सरीत ओतत आणि गेलेल्याला हाक मारत. ज्याचा घडा नाही तो पेरणीला येत नाही, असं ती माणसं मानत.

तिथल्या कुंभाराचं शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून वाकडं आलं होतं. बारा वर्षं दोघं बोलले नव्हते. एका पहाटे शेजारी गेला. त्याची बायको कुंभाराच्या दारात आली.

"भावजी, पेरणी तोंडावर आलीय. गावात तुमच्याशिवाय दुसरा कुंभार नाही."

"करतो," कुंभार म्हणाला. "त्याचं तोंड मला पाठ आहे."

दुपारपर्यंत घडा झाला. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. बाई त्या ओल्या घड्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"जमलाय चांगला. पण हे तुमचं तोंड आहे, भावजी."

"माझं? बारा वर्षं बांधावरून हेच तोंड पाहिलंय मी."

"बांधावर समोर तुम्ही असायचात. घरात ते असे नव्हते. हा घडा धरून मी हाक कुणाला मारू?"

कुंभार उठला. हात धुऊन तो तिच्या मागोमाग तिच्या घरी गेला.

थंड मुलूख तो. गेलेल्याला तीन दिवस घरातच ठेवत. कुंभारानं पांघरूण बाजूला केलं, डोळे मिटले आणि शेजाऱ्याच्या तोंडावर हळूहळू बोटं फिरवली. डोळ्यांच्या कडेला बोटं थांबली. तिथं बारीक सुरकुत्यांचं जाळं होतं. अशा सुरकुत्या हसूनच पडतात, हे कुंभाराच्या बोटांना कळत होतं.

"एवढा हसायचा हा?"

"हो. तुमची नक्कल करताना तर फारच."

कुंभाराला हसू आलं. मग ते हसू टिकलं नाही.

घरी येऊन त्यानं पहिला घडा मोडला, माती पुन्हा मळली आणि दुसरा घडवला.

पेरणीच्या दिवशी बाईनं आंबील ओतली, नवऱ्याला हाक मारली. घड्यावरचं हसरं तोंड गावानं लगेच ओळखलं. कुंभार तेवढा एकटाच ते नवं असल्यासारखं पाहत राहिला. आता त्याला बोलायचं होतं, आणि ऐकणारा मातीचा होता.

रागानं माणसाकडं पाहिलं, की त्याच्या तोंडावर आपलंच तोंड दिसतं.