गाळलेला गंधार

एका शहरात नरहरपंत नावाचे एक वयोवृद्ध संगीतरचनाकार राहत असत. ऐन उमेदीत त्यांनी नाटकांना आणि रेडिओला चाली दिल्या. उतारवयात नवे काम घेणे थांबवले आणि घरी येतील त्यांना शिकवत राहिले. त्यांच्या शिष्यांपैकी विश्राम पेडणेकर याने सर्वाधिक कीर्ती मिळवली. बारा वर्षे त्यांच्याजवळ शिकून तो मुंबईला गेला, प्रथम जाहिरातींना व पुढे चित्रपटांना संगीत देऊ लागला आणि चाळिशी उलटल्यावर त्याचे एक गाणे असे काही लोकांच्या ओठी बसले की लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या सहलीपर्यंत सर्वत्र तेच ऐकू येऊ लागले. त्या गाण्यासाठी एका नामांकित संस्थेने त्याला सन्मानही जाहीर केला.

त्याच सुमारास कोकणातील एका खाडीकाठच्या गावी एक वेगळीच गोष्ट घडत होती. तेथील माध्यमिक शाळेत वैजयंती गावडे नावाच्या बाई संगीत शिकवीत. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी शाळेसाठी एका प्रार्थनेला चाल लावली होती आणि तेव्हापासून दररोज सकाळी मुले तीच म्हणत असत. विश्रामचे गाणे गाजले, तसे काही पालक मुख्याध्यापकांकडे आले. देवाच्या प्रार्थनेला सिनेमाची चाल लावणे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुख्याध्यापक नवे होते. शाळेचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी प्रार्थना बंद केली आणि दुसरी एक सुरू केली.

बाईंनी वाद घातला नाही. परंतु त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनाची एक जुनी कॅसेट शोधून काढली आणि प्रार्थना व चित्रपटगीत एकापुढे एक लावून ते ध्वनिमुद्रण सर्वत्र पाठवले. दोन्हींची दुसरी ओळ कोणालाही ओळखू यावी इतकी एकसारखी होती. मग वर्तमानपत्रे आली, आरोप आले. ज्यांनी ही प्रार्थना कधी ऐकली नव्हती, तेही विश्रामला चोर म्हणू लागले. बाईंनी संगीतकारांच्या संघटनेला एक पत्र पाठवले. त्यात तक्रार नव्हती, मागणीही नव्हती. चाल कोणाची एवढे ठरवून द्यावे, म्हणजे मुलांना त्यांची प्रार्थना परत मिळेल, इतकेच लिहिले होते.

संघटनेने नरहरपंतांना निवाडा करण्याची विनंती केली. ते विश्रामचे गुरू आहेत हे बाईंना आधीच कळवण्यात आले. त्यावर बाईंनी उत्तर दिले की ज्याने शिकवले त्यालाच शिष्याचे सूर नीट ओळखू येतील, तेव्हा आपली हरकत नाही.

विश्राम दुसऱ्याच दिवशी गुरूंकडे आला. तो संतापलेला कमी आणि दुखावलेला अधिक होता. त्या शाळेचे नावही आपण कधी ऐकले नाही, ही चाल आपण तीन आठवडे खपून बांधली, हे त्याने शपथेवर सांगितले. गुरूंनी दोन ओळी लिहून दिल्या तर सगळ्यांची तोंडे मिटतील, असेही सुचवले. नरहरपंतांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "त्या तीन आठवड्यांत जे जे टाकून दिलंस, ते सगळं घेऊन ये. झालेलं गाणं आणू नकोस. ते मी ऐकलंय."

ही मागणी विश्रामला चमत्कारिक वाटली, पण त्याला आनंदही झाला. टाकलेल्या चालींची वहीच त्याच्यापाशी होती. आपल्या कष्टांचा याहून चांगला पुरावा कोणता, असे त्याच्या मनात आले.

ठरलेल्या रविवारी सकाळी नरहरपंतांच्या बैठकीच्या खोलीत पाच माणसे जमली. गुरू, शिष्य, संघटनेचे दोन पदाधिकारी आणि पहाटेच्या एसटीने आलेल्या गावडेबाई. पंतांनी विश्रामपुढे पेटी सरकवली आणि टाकलेल्या चाली क्रमाने गायला सांगितले.

त्या अकरा होत्या. पहिली संथ, जवळजवळ भजनासारखी. दुसरीत ठेका बदललेला. चौथीची सुरुवातच तार सप्तकात. सातवीत त्याने पहिली ओळ पार उलटी केली होती. नवव्या चालीत शेवट खर्जात नेऊन पाहिला होता. विश्राम गात होता आणि मध्ये मध्ये प्रत्येक चाल का सोडली हे सांगत होता. पदाधिकारी माना डोलावू लागले. इतकी धडपड करणारा माणूस चोर कसा असेल, असे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते. बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. पुढ्यातला चहा त्यांनी घेतलाच नाही.

अकरा चाली संपल्यावर पंतांनी बाईंना प्रार्थना म्हणायची विनंती केली. त्यांनी ती एकदाच म्हटली, कोणतीही हरकत वा मुरकी न घेता, मुलांना शिकवताना म्हणावी तशी. मग पंतांनी त्यांनाही टाकलेल्या चालींविषयी विचारले. बाई जरा ओशाळल्या. दोन-तीन वेळा बदल केले असतील, पण आता काही आठवत नाही, लिहूनही ठेवले नाही, असे त्या म्हणाल्या. त्यावर एका पदाधिकाऱ्याने समाधानाने आपली वही मिटली. त्याच्या दृष्टीने निकाल लागला होता.

पंतांनी मात्र विश्रामकडे पाहिले. "दुसऱ्या ओळीच्या अखेरीस तू पंचमावरून मध्यमावर येतोस आणि तिथून एकदम ऋषभावर उतरतोस. बाकी साऱ्या गाण्यात गंधार आहे. तिथेच का गाळलास?"

विश्रामने थोडा विचार केला. ते तसेच सुचले, तसेच गोड वाटले, एवढेच तो म्हणाला.

पंतांनी तोच प्रश्न बाईंना विचारला.

"आमच्या शाळेच्या पेटीचा गंधार बंद होता," बाई म्हणाल्या. "आम्ही ज्या सुरात गातो, त्यातला मधला गंधार. पट्टी दाबली की नुसती हवा जायची. मुलं पेटीबरोबर गायची आणि तिथं आली की गोंधळायची. म्हणून मी त्यांना गंधार सोडून खाली उतरायला शिकवलं. पुढं पेटी दुरुस्त झाली. पण तोवर ते मुलांच्या गळ्यात बसलं होतं. मलाही ते आवडायला लागलं होतं."

ज्या पदाधिकाऱ्याने वही मिटली होती, त्याने ती पुन्हा उघडली, पण लिहिले काहीच नाही. नरहरपंत शिष्याकडे वळले.

"विश्राम, तुझ्या अकरा चाली मी ऐकल्या. त्यांत खरोखर श्रम आहेत, त्याबद्दल शंका नको. तू ठेका बदललास, सप्तक बदललंस, सुरुवात बदललीस, शेवट बदललास. त्या एका उतरणीला मात्र अकराही वेळा हात लावला नाहीस. जे माणूस स्वतः शोधतो, त्याबद्दल त्याला खात्री नसते. तो ते मोडून पाहतो, फिरवून पाहतो. जे आधीच कोणीतरी पक्कं करून हाती ठेवलेलं असतं, ते मोडावंसं त्याच्या मनातही येत नाही. तू हे कुठं ऐकलंस ते मला ठाऊक नाही. तुलाच आठवायला हवं."

विश्रामने पेटीवरचा हात काढून घेतला. मग त्याने बाईंना विचारले की त्यांच्या शाळेसमोर खाडीच्या बाजूला उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत का. बाईंनी होकार दिला. तेव्हा त्याने सांगितले, थांबत थांबत, जणू स्वतःलाच सांगत असावा तसे. वीस वर्षांपूर्वी तो एका वाद्यवृंदात पेटीवादक म्हणून कोकणात गेला होता. परतीच्या वाटेवर गाडी बिघडली आणि गावकऱ्यांनी त्यांची सोय शाळेत केली. सकाळी तो त्या पायऱ्यांवर दात घासत बसला होता आणि मागे मुले काहीतरी म्हणत होती. गावाचे नाव त्याने विचारले नव्हते. प्रार्थनेचे शब्दही त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. तेवढी उतरण मात्र राहिली होती, आणि ती बाहेरून आली आहे हे तो पार विसरून गेला होता.

"म्हणजे मी चोरच की," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"आज सकाळी या घरात आलास तेव्हा नव्हतास," पंत म्हणाले. "जे आठवतच नाही, त्याची चोरी होत नाही. ऐकल्यावाचून कोणाला गाता आलंय? मी तुला शिकवलं त्यातलं निम्मं मी दुसऱ्यांकडून ऐकलेलं. पण आता तुला आठवलंय. इथून पुढं गप्प राहिलास, तर ती चोरी."

पदाधिकारी व्यवहारी होते. त्यांनी मध्यम मार्ग सुचवला. दोन्ही रचनांमधील साम्य योगायोगाचे आहे व दोन्ही रचनाकारांविषयी संघटनेला आदर आहे, असे निवेदन काढावे. त्यात कोणाचीच बदनामी होणार नाही, शिवाय शाळेलाही प्रार्थना पुन्हा सुरू करता येईल. बाईंनाही ते मान्य होते. त्यांचे काम तेवढ्याने होत होते.

विश्रामने कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला. गाण्याच्या दुसऱ्या ओळीची चाल वैजयंती गावडे यांची आहे, आपण ती त्यांच्या शाळेच्या पायऱ्यांवर ऐकली, पुढे विसरलो आणि आपलीच समजलो, यापुढे गाण्यासोबत त्यांचे नाव यावे, असे त्यात होते. योगायोग हा शब्द त्याने वापरला नाही. लिहून झाल्यावर त्याने तो कागद आधी बाईंना वाचायला दिला.

हे त्याला सोपे गेले नाही. संस्थेने सन्मान मागे घेतला. चित्रपटाच्या निर्मात्याने पुढचे काम दुसऱ्याला दिले. ज्यांनी त्याला चोर म्हटले होते, त्यांना त्याचे निवेदन म्हणजे कबुलीच वाटली आणि त्यांनी ते विशेषण कायम ठेवले. नरहरपंतांनी त्याला पूर्वीसारखेच दर गुरुवारी यायला सांगितले. तो येत राहिला.

पावसाळा संपल्यावर शाळेचे पत्र आले. प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती आणि मुख्याध्यापकांनी विश्रामला बोलावले होते. तो गेला. मैदानात अडीचशे मुले रांगेत उभी होती. मुख्याध्यापकांनी ते निवेदन वाचून दाखवले. ज्या पालकांनी हरकत घेतली होती त्यांच्यापैकी काही जण कुंपणापाशी उभे राहून ऐकत होते. मुलांनी प्रार्थना म्हटली. दुसऱ्या ओळीच्या अखेरीस ती सगळी एकदम खाली उतरली, जराही न अडखळता. विश्रामने मान खाली घातली होती. त्याला वाटले, आपल्या गाण्यात ही जागा इतकी चांगली कधीच लागली नव्हती.

मुले वर्गात गेल्यावर तो बाईंचा निरोप घ्यायला व्हरांड्यात थांबला. बाई काही विचारू पाहत होत्या, पण त्यांना संकोच वाटत होता. अखेर त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. तुमच्या गाण्याची तिसरी ओळ आहे ना, वर जाणारी, ती मला फार आवडते. आमच्या प्रार्थनेचं तिसरं कडवं गेली कित्येक वर्षं मला नीट जमलेलं नाही. तिथं ती चाल घेऊ का? तुमचं नाव मुलांना सांगेन."

इतक्या वर्षांत इतक्या जणांनी विश्रामच्या चाली उचलल्या होत्या, बदलल्या होत्या, गायल्या होत्या. त्यांतील कोणीही त्याला असे विचारले नव्हते. त्यानेही कधी कोणाला विचारले नव्हते.

"घ्या," तो म्हणाला. मग पायातल्या चपला काढून तो त्यांच्यामागोमाग संगीताच्या वर्गात गेला, आणि पेटीजवळ बसून त्याने ती ओळ मुलांना पेलेल इतकी हळू करून दाखवली.