उलटी टांगलेली पत्रावळ

फार पूर्वी अश्मक देशावर एक राजा राज्य करीत होता, आणि राज्य इतके सुरळीत चालले होते की लोकांना राजाचे नाव सणावारीच आठवे. त्या काळी बोधिसत्त्वाने एका गाडीवानाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रक. मोठा झाल्यावर तो नागपालित नावाच्या व्यापाऱ्याच्या तांड्यात कामाला लागला. तांड्याच्या बराच पुढे चालायचे, वाटेत जेवण कुठे चांगले मिळेल, धान्य आणि ताक कुठे विकत घ्यावे, पाणी कुठे गोड आहे हे पाहायचे आणि मागून येणाऱ्यांसाठी खूण ठेवायची, हे त्याचे काम. अशा माणसाला तांड्यातले लोक चुलीचा वाटाड्या म्हणत.

खूण पत्रावळीची असे. गावाचा फाटा आला की वाटाड्या तिथल्या झाडाला पळसाच्या पानांची एक पत्रावळ टांगी. जेवायची बाजू रस्त्याकडे असली तर आत वळा, इथे पोटभर मिळेल. पाठ रस्त्याकडे असली तर थांबू नका, पुढे चला. प्रत्येक वाटाड्याची गाठ निराळी, आणि गाठ पाहून लोक माणूस ओळखत. पत्रावळ कोणाचीही असो, तिच्यावर कोणत्याही तांड्याने विसंबावे आणि दुसऱ्याच्या पत्रावळीला कोणी हात लावू नये, अशी रीत होती. वाटेवर वैरी असलेले व्यापारीसुद्धा ही रीत पाळत.

बोधिसत्त्वाची तिपेडी गाठ त्या वाटेवर सगळ्यांना ठाऊक होती. त्याची पारख करण्याची तऱ्हा वेगळी होती. तो कोणत्याही घराच्या पुढच्या दाराने जात नसे. मागच्या परसात जाई आणि तिथल्या गड्यामाणसांना काय वाढले आहे ते पाही. त्यातलेच दोन घास मागून घेई, आणि सावली चार बोटे सरकेपर्यंत स्वतःच्या पोटाकडे लक्ष देऊन बसे. मग पत्रावळ टांगे.

नागपालिताला ही तऱ्हा मुळीच पसंत नव्हती. त्याला पुढचे दार आवडे. दारात तोरण, अंगणात सडा आणि बाहेर येऊन हात जोडणारा यजमान दिसला की याच्या तोंडाला पाणी सुटे. अशाच एका तोरणवाल्या घरी शिळे मांस खाऊन तो तीन दिवस गाडीत कण्हत पडला होता, पण त्याचा दोष त्याने हवेला दिला. शिवाय त्याच्या पायाला भिंगरी होती. एका चुलीपाशी बसला की त्याला पुढच्या गावची चूल आठवे. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना तो विचारी, "पुढच्या मुक्कामाला काय मिळतं?" गडी अर्धपोटी उठत आणि बैल जुंपत. बिचारे बैलही याला ओळखून होते. तो उठला की तेही उठत.

त्या खेपेस त्याच्या अस्वस्थपणाला आणखी एक कारण होते. त्याच्यामागून सामिका नावाच्या म्हातारीचा तांडा येत होता. नवरा वारल्यावर तिने तांडा स्वतः चालवायला घेतला होता आणि खरेदीत ती नागपालिताला दर हंगामात मात देई. यंदा तिचा वाटाड्या तापाने आजारी पडून मागच्या गावी राहिला होता. आठ दिवस ती बोधिसत्त्वाच्या पत्रावळी पाहत चालत होती. नागपालिताने जेथे जेवावे, तेथे तिने मागून येऊन जेवावे, आणि वर उरलेले धान्यही विकत घ्यावे! नागपालित दर थोड्या वेळाने गाडीतून मान बाहेर काढी आणि मागची धूळ पाही.

"तिच्यासाठी का टांगतोस पत्रावळी?" त्याने एकदा बोधिसत्त्वाला विचारले.

"तिच्यासाठी नाही, धनी. जो भुकेला येईल त्याच्यासाठी."

"ती भुकेली नाही. ती लबाड आहे."

"लबाड माणसालाही भूक लागते," बोधिसत्त्व म्हणाला आणि पुढे चालू लागला.

नवव्या दिवशी सकाळी तांडा उंबरग्रामच्या फाट्याशी पोहोचला. हे गाव टेकडीमागे दडलेले, रस्त्यावरून न दिसणारे. तिथले तूप आणि उडीद बंदरात हातोहात खपत. बोधिसत्त्व पहाटेच पुढे गेला होता, आणि फाट्यावरच्या बाभळीला त्याची पत्रावळ जेवायची बाजू रस्त्याकडे करून टांगलेली होती. गाड्या एकेक करून आतल्या खडकाळ वाटेने वळल्या; तिच्यावर चाकांची खूण उमटत नसे. नागपालित मात्र सगळ्यांत मागे रेंगाळला. शेवटची गाडी टेकडीआड गेल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिले, हात वर केला आणि पत्रावळ उलटी केली. गाठ होती तशीच राहिली. काम एवढेसेच होते. सामिका एक गाव चुकेल, तूप आणि उडीद आपल्याला मिळेल, कोणाचे काय बिघडणार आहे, असे तो मनाशी म्हणाला आणि घाईघाईने तांड्यामागे गेला.

गावात मूला नावाच्या बाईच्या अंगणात पंगत बसली. उडदाचे दाट घुटे, वर तुपाची धार, गरम भाकरी, ताकात शिजवलेल्या कण्या. इतके चांगले जेवण त्या साऱ्या वाटेवर मिळाले नव्हते. नागपालितालाही नाव ठेवायला काही सापडेना. त्याने दुसऱ्यांदा घुटे मागून घेतले.

वाढता वाढता मूला म्हणाली, "पखाली इथंच भरून घ्या हं, दादा. पुढचं तळं यंदा आटलंय. पार तळाला भेगा पडल्यात. त्याच्यापुढं दोन दिवस पाण्याचा थेंब नाही."

नागपालिताचा हात घुट्यातच राहिला. दर वर्षी तांडे त्या तळ्याच्या भरवशावर रिकाम्या पखाली घेऊन चालत. सामिकाही तशीच चालत असणार. तिने उलटी पत्रावळ पाहिली की ती फाट्यावर थांबणार नाही. दुपार टळेपर्यंत कोरड्या तळ्यावर पोहोचेल, आणि तिथून पुढेही पाणी नाही, मागे यायलाही बैलांत बळ नाही. समोरचे घुटे गरम होते, ते त्याने तसेच सोडले.

तो उठला. हात धुतले. बैलांना चारा घातला आहे का ते पाहिले. घातला होता. तुपाची मडकी पाहायला गेला, आणि झाकण काढून न पाहताच परत आला. अजून फाट्यावर जाऊन पत्रावळ सरळ करता येईल, असे त्याच्या मनात आले. पण कोणी पाहिले तर? आणि पत्रावळीला हात लावणारा म्हणून नाव झाले तर वाटेवरच्या कोणत्या तांड्यात तोंड दाखवता येईल? सामिका हुशार बाई आहे, ती कोणाला तरी विचारेलच, असेही त्याला वाटले. मग विचारणार कोणाला, रस्त्यावर तर चिटपाखरू नाही, हेही वाटले. शेवटी तो टेकडीवर चढला. खाली रस्त्यावर धुळीचा लोट फाट्यापर्यंत आला. तिथे क्षणभर थांबला. मग न वळता पुढे निघून गेला. नागपालित तिथेच उभा राहिला. हाक मारली असती तर अजून ऐकू गेली असती, पण त्याने हाक मारली नाही.

तो खाली आला तेव्हा अंगणात दुसरी चूल धगधगत होती. बोधिसत्त्वाने मूलेला आणखी एका तांड्यापुरता स्वयंपाक करायला सांगून ठेवले होते. घुटे तयार होते आणि जेवणारे कोणी आले नव्हते. बोधिसत्त्व फाट्यावर गेला आणि थोड्याच वेळात परत आला.

"पत्रावळ उलटी आहे, धनी," तो म्हणाला. "सामिकेच्या गाड्यांच्या चाकोऱ्या पुढे गेल्यात. दोन बैल आणि चार पखाली द्या."

"वाऱ्यानं उलटली असेल."

"आज वारा नाही."

नागपालिताने मान दुसरीकडे वळवली. "बैल दमलेत. ऊन किती आहे बघ. आणि आपल्याला उद्या पुढं जायचंय."

बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळेच नागपालिताला ती सोसवली नाही. बोधिसत्त्वाने मूलेकडून एक कावड मागून घेतली. एका बाजूला पाण्याचा घडा, दुसऱ्या बाजूला आंबिलीचे मडके, वर भाकऱ्यांचे गाठोडे. कावड खांद्यावर घेऊन तो ऐन दुपारच्या उन्हात निघाला.

त्यानंतर नागपालिताच्या जिवाची जी घालमेल झाली ती सांगून संपायची नाही. सावलीत बसला तर ऊन दिसे. डोळे मिटले तर भेगा पडलेले तळे दिसे. मूलेने ताक आणून दिले, ते त्याने हातात धरले आणि तसेच खाली ठेवले. जन्मभर त्याला पुढच्या गावची ओढ लागायची. आज पहिल्यांदा त्याला मागे उरलेले काम ओढत होते. एका घड्यात किती माणसांची तहान भागणार? कावड घेऊन गेलेला तो एकटा माणूस वाटेत पडला तर?

सावल्या लांबायला लागल्या तेव्हा तो एकदम उभा राहिला. "बैल आणा," तो ओरडला. गड्यांना वाटले, धन्याला पुन्हा पुढच्या गावची चूल आठवली. त्याने स्वतः आडावर उभे राहून सहा पखाली भरल्या, तीन बैलांवर लादल्या, आणि कोणालाही बरोबर न घेता निघाला. बैल हाकताना त्याची पगडी कुठे पडली हेही त्याला कळले नाही.

सूर्य माळावर टेकला असताना तो तळ्याशी पोहोचला. कोरड्या तळ्याच्या काठाला गाड्या सोडलेल्या होत्या. दोन बैल आडवे पडले होते. एका गाडीखालच्या सावलीत सामिकेची गरोदर सून निजलेली होती आणि बोधिसत्त्व तिच्या तोंडात आंबील थेंबथेंब सोडत होता. त्याचा स्वतःचा ओठ फुटला होता. घड्यातले पाणी त्याने चाखलेदेखील नव्हते.

भोवती उभे असलेले गाडीवान संतापलेले होते. "गाठ याचीच होती," एक जण म्हणाला. "मी स्वतः पाहिली. तीन पेडांची."

सामिका खाली बसून सुनेला वारा घालत होती. तिने मान वर न करता विचारले, "भद्रका, खरं सांग. पत्रावळ तुझी?"

"माझी," बोधिसत्त्व म्हणाला. "गाठही माझी. तिनं तुम्हाला चुकीची वाट सांगितली, म्हणून मी आलो."

"तू उलटी टांगलीस?"

"नाही. मी सरळ टांगली होती."

"मग कुणी उलटवली?"

"मी डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही."

गाडीवानांत कुजबुज झाली. कोणी म्हणाले, हा हुशारीने बोलतो आहे. कोणी म्हणाले, याच्या गाठीवर यापुढे कोणी विसंबू नका, ही गोष्ट बंदरापर्यंत सांगा. चुलीच्या वाटाड्याची गाठ खोटी ठरली की त्याचे सगळेच गेले. बोधिसत्त्व हे जाणत होता. तरीही तो आंबिलीचे मडके तिरके करून शेवटचा घोट सामिकेच्या सुनेच्या ओठांशी नेत राहिला.

नागपालित बैलांची दोरी धरून मागे उभा होता. अजून कोणी त्याला पाहिले नव्हते. पखाली उतरवाव्या, पाणी वाटावे, लोक दुवा देतील आणि विषय तिथेच मिटेल, हे सगळे त्याला स्पष्ट दिसत होते. त्याने तोंड उघडले तेव्हा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"पत्रावळ मी उलटवली," तो म्हणाला. "तूप आणि उडीद मला एकट्याला हवे होते. तळं आटलंय हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी गप्प बसलो. तुमची धूळ पुढे जाताना मी टेकडीवर उभा होतो."

एक गाडीवान हातातला आसूड उचलून पुढे आला. सामिकेने त्याला हाताने मागे सारले. ती उठली, पखालींकडे पाहिले, मग नागपालिताच्या उघड्या डोक्याकडे आणि धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले.

"दुपारपासून काही खाल्लंयस का रे?" तिने विचारले.

त्याने नकारार्थी मान हलवली.

गाठोड्यात एकच भाकरी उरली होती, ती तिच्या वाट्याची. तिने ती मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "आधी खा," ती म्हणाली. "मग भांडू."

तो माळावर मातीतच बसला आणि ती थंड, कोरडी भाकरी रडत रडत खाऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच जेवताना त्याला पुढचे गाव आठवले नाही.

आणि नंतर सामिका खरोखरच भांडली. बैलांना पाणी पाजून होईपर्यंत तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्याने तो मान खाली घालून ऐकला. त्या पाण्यावर सगळे उंबरग्रामला परतले. मूलेने चूल पुन्हा पेटवली. तूप आणि उडीद दोन्ही तांड्यांनी वाटून घेतले. त्यानंतर बंदरापर्यंत प्रत्येक मुक्कामावर नागपालित स्वतः उभा राहून सांगे, "भद्रकाची गाठ खरी आहे. उलटवणारा हात माझा होता." लोक हसत, काही थुंकत, पण तो सांगायचा थांबला नाही.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा विहारात सांगितली ती धम्मिल नावाच्या भिक्षूमुळे. भिक्षा चांगली मिळते ती गल्ली त्याला माहीत होती, पण दुरून चालून आलेल्या भिक्षूंना त्याने सांगितले होते, "त्या बाजूला जाऊ नका, तिथे कोणी वाढत नाही." ते बिचारे रिकामी पात्रे घेऊन परतले होते. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा नागपालित म्हणजे हा धम्मिल. सामिका म्हणजे आज तुमच्यात बसलेली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी उत्पला. मूला म्हणजे विहाराला रोज आंबील पाठवणारी उपासिका. आणि चुलीचा वाटाड्या भद्रक म्हणजे मीच." धम्मिलाने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, आणि दुसऱ्या सकाळी तो पाहुण्या भिक्षूंना घेऊन त्या गल्लीकडे निघाला.

ही कथा सत्य पारमितेची, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या सत्यनिष्ठेची, आहे. भुकेला आपला असो की परका, त्याला वाट खरीच सांगावी, आणि जे आपण पाहिले नाही ते दुसऱ्याच्या माथी मारू नये, असे बोधिसत्त्वाने त्या जन्मी आचरून दाखवले.